पाठ टेकली तिथले फोटो

ताई, त्या दिवशी सकाळी तू मला उठवलं नाहीस.

असं कधी झालं नव्हतं. कुठल्याही गावच्या डाकबंगल्यात, धर्मशाळेत, तळ्याकाठच्या लॉजवर आपण उतरलो, की फटफटायच्या आधी तुझा हात माझ्या खांद्यावर पडायचाच. "शालू, ऊठ वं. उजेड येऊन राह्यला." मी कूस बदलून म्हणायची, "रोजच येते तो. त्याले काय पाहाचं?" तोवर तू कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवून, अंगावर शाल घेऊन व्हरांड्यात गेलेली असायचीस. लोणारच्या त्या हॉटेलात मात्र मला जाग आली ती ऊन भिंतीवर आल्यावर. सरोवराकडच्या खिडकीचा पडदा तू संध्याकाळीच सारून ठेवला होतास. तू माझ्याकडे पाठ करून, गालाखाली हात घेऊन निजली होतीस. खरं सांगते, मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, एकदा तरी बाईनं पोटभर झोप काढली. पाय न वाजवता उठले, तोंड धुतलं, बाहेर जाऊन चहा सांगून आले. मग तुझ्या पलंगाजवळ येऊन म्हटलं, "ताई, ऊन आलं वं. तुहा फोटू गेला."

त्या खोलीत पुढं काय झालं ते तुला सांगायचंच आहे, कारण तेवढंच एक तुला ठाऊक नाही. बाकी सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त आठवायचं. पण मला ते सरळ त्या सकाळपासून सांगता येत नाही. मागून यावं लागतं.

तू रिटायर झालीस तेव्हा लोकांना वाटलं, सिस्टर बाई आता वाशीमजवळच्या मालेगावात घरी बसतील, पापड करतील, पुण्याला प्रशांतकडे जाऊन नातू सांभाळतील. मलाही तसंच वाटलं होतं. जन्मभर सरकारी दवाखान्यात नाइट ड्यूट्या केलेली बाई, तिला आराम नको का? तू तिसऱ्याच दिशेला गेलीस. मालेगावच्या बसस्टँडजवळचा एक फोटो स्टुडिओ बंद पडत होता, तिथून एक जुना डिजिटल कॅमेरा घेऊन आलीस आणि वाशीमला माझ्या दारात उभी राहिलीस. "शालू, चाल." मी विचारलं, "कुठी?" तर म्हणालीस, "कुठी बी. जिथं खोली भेटते तिथं."

मीही शाळेतून मोकळी झाले होते. घरी कोणी उरलं नव्हतं. तुझ्याकडचे दाजी आणि माझ्याकडचे हे, एका वर्षाच्या आगंमागं गेले. दोन बहिणी, दोन पिशव्या, एक कॅमेरा. मी आलो, मी जातो, मी बसतो, असं आपल्याकडच्या बायका बोलतात तसं बोलणाऱ्या आपण दोघी परक्या गावी उतरलो की काउंटरमागचा माणूस आधी आपल्याकडे आणि मग आपल्या मागं पाहायचा. मागून कोणी येतंय का म्हणून. एका जुन्या धर्मशाळेतला मॅनेजर आठवतो? त्यानं तोंडानंच विचारलं, "दोघीच? संगं पुरुष मानूस नाही कोनी?" तू चष्मा पुसत म्हणालीस, "होते नं. दोघींचे बी होते. पोचवून आलो." तो बिचारा इतका गडबडला की त्यानं आपल्याला सगळ्यात मोठी खोली दिली. जिन्यावर आपण तोंडाला पदर लावून हसलो. खोलीत गेल्यावर तू एकाएकी पिशवीतून दाजींचा मफलर काढून मांडीवर घेऊन बसलीस. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. आपल्यात तसंच होतं. एकीला भरून आलं की दुसरीनं खिडकीबाहेर पाहायचं.

तुझा नियम होता. जिथं पाठ टेकली नाही तिथला फोटो काढायचा नाही. लोक येतात, दोन मिनिटं उभे राहतात, क्लिक करतात आणि निघतात, त्याचा तुला राग यायचा. "दवाखान्यात बी असेच साहेब येत. पेशंटच्या पायाशी उभे राहून कागद पाहत न् जात. मानसाजवळ बसल्याबिगर त्याचं काय दुखते ते समजते का? खोलीचं बी तसंच हाये." म्हणून आपण आधी राहायचो. शिरपूरला जैन देवळाजवळच्या धर्मशाळेत राहिलो तेव्हा दिवस मावळायच्या आत जेवण उरकावं लागलं. तुला साडेसातलाच भूक लागली आणि तू पिशवीतले फुटाणे तोंडात धरून, आवाज न करता, मऊ करून खाल्लेस. सकाळी तू ओळीनं असलेल्या दारांचा फोटो काढलास. सगळी दारं सारखी, निळी, आणि एकाच दाराशी वाळत घातलेलं पांढरं धोतर. तुझ्या सगळ्या फोटोंत मला तो फार आवडतो. तुला आवडत नव्हता. धोतर आलं म्हणून.

कारण तुझ्या फोटोंत माणूस नको असायचं. माणसाचा कपडाही नको. रिकामा पलंग, अर्धी उघडी खिडकी, खिडकीत तळं, कोनाड्यातला माठ, खुंटी. यावरून आपण किती भांडलो! मी म्हणायची, "ताई, हे काय भुतांचे फोटो काढून राह्यली? एखादा मानूस तं घे. हॉटेल म्हंजे मानसं." तू ऐकून घ्यायचीस आणि पुन्हा रिकाम्या खाटेपुढं वाकायचीस. एकदा मात्र चिडून बोललीस. "मानसं खूब पाह्यली वं मी. रडनारी, वरडनारी, मरनारी. आता मले त्याईची वाट पाहून राह्यलेली खोली पाहू दे नं जराशीक." त्या दिवसापुरतं मी भांडण सोडलं. पण मला ते पटलं नव्हतं, अजूनही पटलेलं नाही. आपल्या इतक्या वर्षांच्या फिरण्यातला तुझा एकही फोटो माझ्याजवळ नाही. तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी भिंतीवर लावायला फोटो शोधत होतो, तर प्रशांतला दवाखान्याच्या निरोपसमारंभातला सापडला. त्यात तुझा अर्धा चेहरा हारानं झाकलेला आहे. सगळ्या जिल्ह्यातल्या खोल्यांचे फोटो काढणाऱ्या बाईचा आपल्याला एक धड फोटो मिळू नये! मी तुझ्यावर रागावले. माणूस गेल्यावरही त्याच्यावर रागावता येतं, हे मला माहीत नव्हतं.

आणि मग तलावावरचा बंगला.

त्याबद्दल तू आणि मी महिनोन् महिने बोलत नव्हतो आणि बोलायला लागलो की दुसरं काही बोलत नव्हतो. आपले बाबा त्या सरकारी बंगल्याचे चौकीदार होते. तिथंच मागच्या टिनाच्या खोलीत आपण वाढलो. दौऱ्यावर साहेब यायचा तेव्हा बाबा सगळं करायचे. झाडून काढायचे, गाद्यांना ऊन दाखवायचे, कंदील पुसायचे, मच्छरदाणी बांधायचे. फक्त पिण्याच्या पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही. पाणी भरायला गावातून दुसरा माणूस यायचा. बाबांनी दीक्षा घेतली होती, घरात बुद्धाची तसबीर होती, आईनं जुने देव कधीच सोडले होते. पण गाव काही आपल्याबरोबर बदललं नव्हतं. बाबांनी अंथरलेल्या गादीवर झोपलेलं चालायचं, बाबांनी भरलेलं पाणी चालायचं नाही. साहेबाची जीप दिसली की बाबा चप्पल काढून पायरीच्या खाली उभे राहायचे.

तो बंगला पाडणार असल्याचं तुला कुणीतरी सांगितलं आणि तू माझ्या मागं लागलीस.

"मी नाही येत," मी म्हटलं.

"काहून?"

"जिथं बाबा चप्पल हातात घेऊन उनात उभे राहत, तिथं मी पाय पसरून झोपू? मले नाही जमत."

"मंग कोनं झोपाचं तिथं? साहेब लोकाईच्याच लेकराईनं?"

मी आणखी चिडले. म्हटलं, तिथं झोपून काय मिळणार आहे? बाबांना कळणार आहे का? हा मोठेपणा कुणाला दाखवायचा? तू म्हणालीस, दाखवायचा कुणाला नाही, आपल्यालाच पाहायचा आहे. मी म्हटलं, मला नाही पाहायचा. तू ऑफिसात खेटे घालून परवानगी काढलीस आणि मला फोन केलास, "एकटी जातो मी. साप-किरडू निघालं तं पाहून घेईन." तुला माहीत होतं मी येईन. मी आले.

हिवाळा संपत आला होता. तलावाचं पाणी मागं सरकलं होतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर म्हशी बसल्या होत्या. बंगल्याच्या छपराचे कवेलू जागोजागी फुटलेले, पण आत सगळं जागच्या जागी. उंच छत, पंख्याचा हूक, शहाबादी फरशी, आणि मधोमध तो सागवानी पलंग. आताच्या चौकीदारानं कुलूप उघडून दिलं आणि म्हणाला, "बाई, राहा आरामशीर. पावसाच्या आंदी पाडनार म्हनतात. तुमी शेवटच्याच असान." तुझं काय चाललंय याकडे मी लक्ष देत नाही असं दाखवत व्हरांड्यात बसले. आत तुझा कॅमेरा वाजत होता. तू खिडक्या उघडल्यास, खिडक्यांचे फोटो काढलेस, हुकाचा काढलास, कंदील अडकवायच्या खिळ्याचा काढलास. नियम मोडून, आधी फोटो काढत होतीस, हे माझ्या लक्षात आलं. मग आवाज थांबला.

मी आत आले तर तू पलंगावर घरून आणलेली चादर अंथरत होतीस. दवाखान्यातल्यासारखी, चारही कोपरे आत दुमडून, एक सुरकुती नाही. उशी थोपटलीस. आणि मग बाजूला होऊन खाली फरशीवर बसलीस, भिंतीला टेकून.

"पड आता," मी म्हटलं. "तुहाच नियम हाये."

तू मान हलवलीस. तुझा चेहरा पाहून मला भीती वाटली. तुझं वय एकदम उतरलं होतं, लहान पोरीसारखी दिसत होतीस. म्हणालीस, "तू लहान होती. तुले आठवनार नाही. साहेब लोक तलावाकडं गेले होते न् मी आतमंदी शिरली. या पलंगावर चढून बसली. मऊ लागते का पाहाले. त्याईची पाहुनी कोनी बाई होती, तिनं पाह्यलं. ती वरडली नाही, काही नाही. बाबाले हाक मारली न् म्हने, हा पलंग बाहेर काढून धू."

मी तुझ्याजवळ येऊन बसले.

"बाबानं पलंग एकट्यानं वढत नेला अंगनात. चारही पाय धुतले. पाट्या धुतल्या. मी दाराआडून पाहून राह्यली होती. त्याईनं एकडाव बी मान वर केली नाही."

"मंग तुले मारलं?"

"मारलं असतं तं बरं झालं असतं वं. संध्याकाळी माह्यासाठी दुधात भाकर कुस्करली न् आपल्या हातानं चारली."

इतकी वर्षं हे तू कुणाला सांगितलं नव्हतंस. आईलाही नाही, दाजींनाही नाही. जन्मभर तू लोकांसाठी पलंग तयार केलेस आणि हा एक तुझ्या डोक्यात तसाच ओला उभा होता. आता तुला हात द्यावा, जवळ घ्यावं, असं काही मला सुचलं नाही. मी उठले, पायाचे तळवे साडीला पुसले आणि त्या पलंगावर आडवी झाले. मीच, जी येत नव्हते ती. म्हटलं, "मी झोपतो. तू बैस." आणि ताई, मला झोप लागली. सोंग नव्हतं. तलावावरून वारा येत होता, तू खाली बसली होतीस, आणि मला अशी गाढ झोप लागली जशी लहानपणी बाबा दारात बसलेले असताना लागायची. उठले तेव्हा ऊन कललं होतं. तू तिथंच होतीस. फक्त सरकून पलंगाजवळ आली होतीस आणि तुझा एक हात पलंगाच्या पाटीवर होता.

"घोरत होती तू," म्हणालीस. "कवेलू हालत होते."

आपण दोघी हसलो आणि मग दोघी रडलो, आणि त्या वेळी खिडकीबाहेर पाहायला कुणी उरलं नाही.

तू त्या पलंगावर झोपली नाहीस. संध्याकाळच्या शेवटच्या बसनं आपण परत निघालो. आणि मालेगावच्या स्टँडवर, बाकड्यावर बसून, तू कॅमेऱ्यातले खोलीच्या आतले सगळे फोटो एकेक करून पुसून टाकलेस. मी पाहत होते, मला आधी कळलंच नाही तू काय करतेस ते.

"काहून पुसले?" मी ओरडलेच.

"पाठ टेकली नाही माही. नियम म्हंजे नियम."

"माही टेकली नं? दुपारभर झोपलो मी तिथं! माही पाठ नाही चालत का?"

"कॅमेरा तुह्या हातात होता का?"

हे भांडण आपलं मिटलंच नाही. बंगला पाडला. आता तिथं नुसता चौथरा आहे, आणि आत काय होतं याचा एकही फोटो जगात नाही. मी तुला किती वेळा टोचलं. बसमध्ये, जेवताना, फोनवर. तू म्हणायचीस, "तुह्या डोक्यात हाये नं? मंग झालं." झालं कसं? माझं डोकं आता किती वर्षांचं? पण कधी कधी वाटतं, तुला ते फोटो नकोच होते. बाबांनी मान खाली घालून धुतलेला पलंग तुला कुणाच्या भिंतीवर नको होता. तसं असेल तर तू मला सरळ सांगायला हवं होतंस. मी विचारायला हवं होतं. आता या प्रश्नाचं उत्तर मी स्वतःलाच देत बसते आणि रोज वेगळं देते.

त्या बंगल्यानंतर तू बदललीस. हलकी झालीस म्हणावं तर तसंही नाही. थकायला लागलीस. पण हिंडायचं सोडलं नाहीस. लोणारला जायचं कधीपासून तुझ्या मनात होतं, सरोवराच्या काठावरचं ते लहानसं हॉटेल तुला कुणीतरी सांगितलं होतं. मंदाबाई आणि त्यांचा नवरा चालवतात. चार-पाचच खोल्या, पण प्रत्येक खोलीतून खाली हिरवं पाणी दिसतं. पोचल्या दिवशी आपण सरोवराकडं उतरायला लागलो आणि अर्ध्यात तू एका दगडावर बसलीस. मी विचारलं, काय होतंय? म्हणालीस, "चप्पल चावून राह्यली." चप्पल नवी नव्हती. तू सिस्टर होतीस ताई, तुला छातीतलं दुखणं आणि चपलेचं दुखणं यातला फरक कळत नव्हता का? मला घाबरवायचं नव्हतं तुला. किंवा फिरणं थांबवायचं नव्हतं. संध्याकाळी मात्र तू खूप बोललीस. मंदाबाईंनी केलेलं पिठलं दोनदा मागून घेतलंस. पलंगावर पडल्या पडल्या म्हणालीस, "शालू, या खोलीले हवा लय चांगली हाये." आणि झोपलीस.

आता तुला ठाऊक नाही ते सांगते.

मंदाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा मी तुझ्या पायाशी बसले होते, तुझा पाय हातात धरून. मला कळलं होतं पण मन ते मानत नव्हतं. त्यांनी ट्रे खाली ठेवला, तुझ्या कपाळाला हात लावला, आणि मग तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला. बाहेर दुसऱ्या खोलीतले लोक नाश्त्याला बसले होते, त्यांची लेकरं हसत होती. मंदाबाईंचे यजमान दारात येऊन हळू आवाजात काही बोलायला लागले, गिऱ्हाईक, डॉक्टर, पोलीस असं काहीतरी. मंदाबाई त्यांना म्हणाल्या, "डॉक्टरले बोलवा. बाकीचं मंग." आणि मला म्हणाल्या, "ताई, घाई नोका करू. खोली तुमचीच हाये." डॉक्टर येऊन पाहून गेले. झोपेतच गेल्या, म्हणाले. प्रशांतला फोन केला. गाडी येईपर्यंत मंदाबाईंनी तुझे केस विंचरले. त्यांनी तुझी वेणी घातली, तू घालायचीस तशी, एकच, सैल. त्यांनी एकच दिवस तुला पाहिलं होतं.

गाडीत मी तुझ्याजवळ बसले. वाटेत केनवड आलं. बाजाराचा दिवस होता, रस्त्यावर गर्दी, गाडी थांबली. ड्रायव्हर मागं वळून संकोचत म्हणाला, "बाई, सकाळपासून तुमी काही घेतलं नाही. चहा घेता का?" मी हो म्हटलं. ताई, मी उतरले आणि बाजारात उभं राहून चहा घेतला, बिस्किटही खाल्लं. मागच्या दारातून तुझे पाय दिसत होते. लोक भाजी घेत होते. मला वाटलं होतं, त्या वेळी माझ्या मनात काहीतरी मोठं, काहीतरी तुझ्या तोलाचं येईल. मला फक्त भूक लागली होती.

घरी आपली माणसं जमली. त्रिशरण, पंचशील झालं. तुझ्या हाताखाली शिकलेल्या सिस्टर आल्या, एकीनं सांगितलं की तिला इंजेक्शन द्यायला तू शिकवलंस, स्वतःच्या दंडावर. प्रशांत कोपऱ्यात बसून तुझा कॅमेरा नुसता हातात फिरवत होता. जाताना म्हणाला, "मावशी, हा तुझ्याकडं राहू दे." मी ठेवला आहे. अजून उघडला नाही.

आणि मग, सगळे आपापल्या घरी गेल्यावर, एका दुपारी मंदाबाईंचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं विचारलं. जेवता का, झोप लागते का. मग अडखळल्या.

"ताई, राग नोका मानू. ती खोली मी बंदच ठेवली हाये. घरचे, गावचे, सारे म्हनून राह्यले, खोलीची शुद्धी करून घ्या, नाहीतं कोनी राहनार नाही. मी म्हनलं, पहिले त्या ताईले इचारतो. त्याईच्यात जे करतात ते करू."

शुद्धी. मी फोन हातात घेऊन उभी राहिले. "मंग सांगतो," एवढंच म्हणून फोन ठेवून दिला. स्वयंपाकघरात गेले, गॅस पेटवला, बंद केला. शुद्धी! तुझी! जिनं उभ्या जन्मात हजारो माणसांच्या अंगावरची घाण स्वतःच्या हातानं पुसली तिच्या झोपण्याची शुद्धी! मी मंदाबाईंना मनातल्या मनात काय काय बोलले ते तुला सांगणार नाही. तू असतीस तर हसली असतीस. मग मला त्यांच्या हातातली तुझी वेणी दिसली. त्या बाईनं मला न विचारता पूजा उरकली असती तर मला कळलंही नसतं. तिनं विचारलं. आपल्या अख्ख्या घराला आजवर असं कुणी विचारलं नव्हतं की तुमच्यात काय करतात, आम्ही तसं करू.

पण काय करायचं असतं? मला माहीत नव्हतं. म्हणून मी तुला विचारलं. आणि मला तुझी ती गोष्ट आठवली, वॉर्डातली. पेशंट गेला, त्याच्या माणसांनी त्याला नेलं, की तू काय करायचीस? तू एकदा मला सांगितलं होतंस, मी विचारलं होतं म्हणून, की तुला भीती नाही वाटत का त्या खाटेची. तू म्हणालीस, भ्यायला वेळ कुठं असतो, दुसरा पेशंट दारात उभा असतो.

मी मंदाबाईंना फोन लावला. म्हटलं, "मंदाबाई, खिडकी उघडा. चादर, उशीची खोळ धुऊन टाका. गादीले एक दिवस ऊन दाखवा. फरशी पुसा. न् कोनी आलं की त्याले खोली द्या."

"एवढंच?"

"एवढंच. आमच्यात एवढंच करतात."

मग म्हणाल्या, "आन् कोनी इचारलं तं, इथं काय झालं होतं, तं काय सांगू?"

"सांगा, एक बाई झोपल्या होत्या. त्याईले चांगली झोप लागली."

फोनच्या त्या टोकाला मंदाबाई रडल्या. मी खिडकीबाहेर पाहिलं नाही. मीही रडले.

काल संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन आला. आवाज वेगळा होता, घाईचा, मागं भांड्यांचा आवाज. परभणीकडचं एक कुटुंब आलं होतं, म्हातारे आईवडील, मुलगा, सून आणि दोन लेकरं. बाकीच्या खोल्या भरलेल्या होत्या. मंदाबाईंनी त्यांना काही न लपवता सांगितलं. मुलगा जरा थांबला, पण म्हातारी म्हणाली, आम्ही काय नवीन आहोत का मरणाला, दाखवा खोली. आत गेली, खिडकीतून खाली पाणी पाहिलं, आणि पलंगावर बसून चपला काढल्या.

ताई, खोली लागली.